फोन संध्याकाळी घरी येतो: खाडीकाठच्या शाळेत तंत्रज्ञान वापरताना

मी राजापूर तालुक्यात, खाडीच्या काठावरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते सातवीचे वर्ग आणि शिक्षक मोजके, त्यामुळे एका खोलीत दोन-तीन इयत्ता एकत्र बसतात. आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, नव्याने आलेले गुरुजी आणि बाई मला नेहमी विचारतात, "कोणतं अ‍ॅप वापरू?" मी उलट विचारते, तुमच्या मुलांच्या घरी फोन कुणाचा आहे आणि तो घरी कधी येतो? आमच्याकडे टचचा फोन बाबांबरोबर बोटीवर जातो, आईबरोबर काजूच्या कारखान्यात जातो, दादाबरोबर कॉलेजला जातो. मुलाच्या हातात तो दिवेलागणीनंतर पडतो, तोही अर्धा-पाऊण तास, बॅटरी संपत आलेली असताना. ऑनलाइन शिक्षणाची सगळी आखणी मी या पाऊण तासासाठी करते. ज्यांच्या शाळेत सकाळपासून वाय-फाय आहे त्यांना यातलं थोडंच लागेल. बाकीच्यांसाठी मी सविस्तर लिहितेय.

पहिल्यांदा वही

फोनला हात लावण्याआधी एक दोनशे पानी वही घ्या आणि वाडीवार नोंद करा. घरात फोन बटणाचा आहे की टचचा, तो दिवसभर कुणाकडे असतो, किती वाजता घरी येतो, त्यात मेमरी कार्ड बसतं का, रेंज कुठे मिळते आणि संध्याकाळी मुलाजवळ अभ्यासाला कोण बसतं. शेवटचे दोन रकाने सर्वांत महत्त्वाचे. आमच्या खालच्या वाडीत डोंगराच्या आड टॉवर लागत नाही, सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळावर चढलं की फोनवर रेंजच्या दांड्या दिसू लागतात. कुणाला देवळाच्या पायरीवर रेंज मिळते, कुणाला साकवाजवळ. ही माहिती मोठ्यांपेक्षा मुलांकडे पक्की असते, म्हणून गावाचा नकाशा काढायला लावा आणि रेंज मिळते ती ठिकाणं रंगवून घ्या. भूगोलाचा एक तास त्यातच सत्कारणी लागतो, दिशा आणि सूची दोन्ही शिकून होतात.

वही भरली की वर्गाचे तीन गट दिसतात. काहींना रात्री घरबसल्या नेट मिळतं. काहींकडे फोन आहे पण नेट नाही. आणि काहींच्या घरी फक्त बटणाचा फोन, किंवा तोही नाही. आईवडील नालासोपाऱ्याला नाहीतर विरारला आणि मूल गावी आजीकडे, अशी मुलं बहुधा तिसऱ्या गटात असतात. माझा नियम एकच आहे: काहीही पाठवायच्या आधी ते तिसऱ्या गटातल्या मुलापर्यंत कोणत्या वाटेने पोचेल ते ठरवायचं. वाट सापडत नसेल तर पहिल्या दोन गटांनाही ते पाठवायचं नाही. हे कडक वाटेल, पण मूल मागे पडतं ते इथेच. सकाळी वर्गात "काल रात्रीचा व्हिडिओ बघितलात ना?" असं विचारलं की ज्याने बघितलेला नसतो ते मूल खाली मान घालतं, आणि पुढे दिवसभर हात वर करत नाही.

बटणाच्या फोनला कमी लेखू नका. शिक्षकाच्या फोनवरून चार-पाच मुलांना एका कॉलवर जोडता येतं. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटं. एकाने परिच्छेद वाचायचा, दुसऱ्याने त्यावर प्रश्न विचारायचा, तिसऱ्याने उत्तर द्यायचं. आजी शेजारी बसून ऐकतात आणि मधेच गोष्टीत आपली भर घालतात. त्यांना थांबवू नका.

अडलेला धडा

आता पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका उघडा. मुलं दरवर्षी जिथे अडतात त्या पाठांवर पेन्सिलने खूण करा. तंत्रज्ञान आणायचं ते त्या खुणांपाशी. जे फार सावकाश घडतं, फार बारीक असतं, फार लांब असतं किंवा हात लावायला धोक्याचं असतं, तिथे पडदा खरोखर उपयोगी पडतो. चंद्राच्या कला, पेशी, ज्वालामुखी, विजेचं मंडल ही त्यातली उदाहरणं.

विज्ञान-गणितासाठी माझ्या संगणकावर सर्वांत जास्त उघडली जातात ती फेट सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर स्वतः करून बघायचे प्रयोग. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. त्यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत, फुकट आहेत, आणि एकेक सिम्युलेशन एकाच फाइलमध्ये उतरवून घेता येतं. मग नेटची गरज राहत नाही. आकाशासाठी स्टेलॅरियम हाही असाच मोफत, नेटशिवाय चालणारा कार्यक्रम आहे. पावसाळ्यात चार महिने आकाश दिसत नसलं तरी चंद्र कुठे आहे ते मुलांना दाखवता येतं.

दाखवण्याची रीत मात्र पाळा. विजेचं मंडल घेतलंत तर पडद्यावर बल्ब, तारा आणि सेल मांडा, पण बटण दाबू नका. "दुसरा बल्ब याच तारेत जोडला तर पहिल्याचा उजेड वाढेल, कमी होईल की तसाच राहील?" प्रत्येकाने आपला अंदाज पाटीवर लिहायचा, कारणासकट. लिहून झाल्यावर पाट्या वर करायच्या. मग बटण दाबा. ज्याने अंदाज लिहिलाय त्याचं पडद्यावर बारीक लक्ष असतं, कारण त्यात त्याचं काहीतरी गुंतलेलं असतं. शेवटी खरा सेल, खरा बल्ब आणि तारेचा तुकडा हातात द्या आणि पडद्यावर जे झालं ते बाकावर होतंय का बघायला सांगा.

कुठे पडदा नको, हेही तितकंच स्पष्ट असावं. शाळेच्या पायरीवरून खाडी दिसत असताना खारफुटीचा व्हिडिओ दाखवणं म्हणजे मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधणं. ओहोटीला मुलांना काठावर न्या, चिखलातून वर आलेली श्वसनमुळं दाखवा, आणि फोन वापरायचाच तर भिंगासारखा वापरा. जवळून फोटो काढून वर्गात मोठा करून बघितला की मुळावरची बारीक छिद्रं दिसतात, त्यांतूनच मूळ हवा घेतं. एका दगडावर फोन टेकवून टाइम-लॅप्स लावला तर चिखलातले खेकडे बिळातून कसे बाहेर येतात तेही टिपता येतं. कविता, मोठ्याने वाचन, अक्षर, मापन या गोष्टींत मी यंत्र आणत नाही. तिथे शिक्षकाचा आवाज आणि मुलाचा हात पुरेसा असतो.

तिथीची पाऊणपट: एक धडा सविस्तर

कसं करायचं ते एका धड्यावरून सांगते, कारण नुसत्या सूचनांनी काम होत नाही. हा धडा मी सहावी-सातवीला घेते. त्यात अपूर्णांक आहेत, भूगोल आहे, आलेख आहे, आणि सुरुवात मुलांच्या घरातून होते.

पहिल्या दिवशी गृहपाठ असा: घरातल्या किंवा वाडीतल्या मासेमारी करणाऱ्या मोठ्या माणसाला विचारून या, आज भरती किती वाजता, आणि तुम्हाला ते कसं कळतं? फोन असेल तर उत्तर रेकॉर्ड करा, नसेल तर लिहून आणा. दुसऱ्या दिवशी बहुतेक मुलं एकच नियम घेऊन येतात: तिथीची पाऊणपट करायची. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे भरती पावणेचारच्या सुमारास. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. एकादशीला सव्वाआठ. पाव, पाऊण, सव्वा, साडे हे सगळं मुलांच्या तोंडी नीट बसवायला याहून चांगला पाढा मला मिळालेला नाही. आणि आजोबांचं गणित फळ्यावर चढलं की मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

तिसऱ्या दिवशी फोन येतो. भरती-ओहोटीचे अंदाज हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून, म्हणजे इन्कॉइसकडून, नेटवर मिळतात. मी सड्यावर जाऊन जवळच्या बंदराचं एका महिन्याचं वेळापत्रक उतरवून घेते आणि त्याच्या छापील प्रती काढते. मुलं भिंतीवरच्या कॅलेंडरातून तिथी बघतात. एका रकान्यात नियमाने आलेली वेळ, दुसऱ्यात वेळापत्रकातली वेळ, तिसऱ्यात फरक. शाळेच्या लॅपटॉपवर लिबरऑफिसच्या तक्त्यात भरतात, आणि ज्या दिवशी वीज नसते त्या दिवशी आलेख कागदावर काढतात.

आलेख काढला की मुलांना एक गोष्ट आपोआप दिसते. नियमाने पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, म्हणजे पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. सव्वाअकरावरून पाऊण! दीड तासाची उडी. समुद्र तर रोज सरासरी पन्नासेक मिनिटांनीच पुढे सरकतो. मग ही उडी कुठून आली?

इथे घाई करू नका, मुलांना झगडू द्या. सूर्याच्या संदर्भात चंद्राची फेरी तीस तिथींत पुरी होते, आणि तेवढ्यात भरतीची वेळ चोवीस तास पुढे सरकून पुन्हा मूळ जागी येते. चोवीस तासांना तीसने भागा. प्रत्येक तिथीला ४८ मिनिटं. जुन्या नियमात धरलीत ४५, कारण पाऊण तोंडी करायला सोपं. रोजची ३ मिनिटं सुटली, पंधरा तिथींत ४५ मिनिटं झाली, आणि नवा पंधरवडा एकपासून मोजायला सुरुवात केली की ती एकदम भरून निघतात. म्हणून ४५ अधिक ४५, दीड तास. हे मूल स्वतः शोधून काढतं तेव्हा त्याला दोन गोष्टी कळतात. आजोबांचा नियम अडाणी नाही, तो डोक्यात करता यावा म्हणून जाणत्या माणसांनी सोपा केलेला हिशोब आहे. आणि वेळापत्रकही डोळे मिटून घ्यायचं नाही, कारण ते बंदराचं आहे. आपल्या धक्क्यावर, खाडीच्या आत, भरती उशिरा पोचते. किती उशिरा, ते धक्क्यावरच्या खांबाला रंगाने खुणा करून, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन मोजता येतं. मुलांना पाण्यात उतरवायचं नाही आणि उधाणाच्या दिवशी धक्क्यावरही न्यायचं नाही, ही अट पालकांसमोर आधीच सांगा.

उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) हे शब्द मुलांना घरी मिळालेले असतात. आलेखावर भरतीची उंचीही काढलीत तर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उंच आणि अष्टमीच्या आसपास बुटकी रेघ दिसते, आणि त्या शब्दांना आकार येतो. चंद्र-सूर्य एका रेषेत असणं आणि काटकोनात असणं हे स्टेलॅरियमवर दाखवायची वेळ ही. आधी नाही.

या धड्यात नेट लागलं ते एकट्या शिक्षकाला, तेही एकदाच. तिन्ही गटांतलं प्रत्येक मूल पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत सामील होतं. तुम्ही डोंगराकडच्या शाळेत असाल तर पावसाचं माप घ्या, रत्नागिरीकडे सड्यावर असाल तर कातळशिल्पं घ्या. कशेळी, बारसू, उक्षी इथल्या आणि आजूबाजूच्या कातळशिल्पांचा २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला आहे. कशेळीच्या अवाढव्य हत्तीची आकृती जमिनीवर उभं राहून एका नजरेत मावत नाही. तिथे प्रमाणबद्ध नकाशा, चौकटीचा कागद आणि तुकड्या-तुकड्यांनी काढलेले फोटो जोडणं हे खरंखुरं काम मुलांना मिळतं.

आवाज आधी, चित्र नंतर

घरी पाठवायचा धडा स्वतः तयार करा. दुसऱ्याचा चकचकीत व्हिडिओ पाठवण्यापेक्षा आपल्या बाईंचा आवाज मुलांना जास्त चालतो. सुरुवात आवाजापासून करा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज एक एमबीच्या आसपास बसतो, तेवढ्याच वेळेचा साधा व्हिडिओ कमी दर्जाचा केला तरी वीसेक एमबी घेतो. एका दांडीच्या रेंजवर हा फरक फार मोठा आहे.

रेकॉर्डिंग पहाटे करा. पत्र्यावर किंवा कौलावर पाऊस वाजत असेल तर खोलीत गोधड्या आणि कपड्यांजवळ बसा, आवाज घुमत नाही. फोन विमान मोडवर टाका, तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला धरा. पाठ लिहून वाचू नका. वर्गातलं एक मूल डोळ्यांसमोर आणा आणि त्याच्याशी बोला. एका फाइलमध्ये एकच गोष्ट. मधे थांबा आणि सांगा, "आता हे थांबव आणि वहीत लिही." शेवटी एक प्रश्न ठेवा, त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी वर्गातच घ्या.

व्हिडिओ करायचाच तर चेहरा दाखवायची गरज नाही. पुस्तकांच्या दोन सारख्या थप्प्या, त्यांवर आडवी पट्टी, पट्टीवर फोन, खाली वही आणि आपला हात. खिडकीचा उजेड डावीकडून घ्या म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. डावखुऱ्यांनी उलट. लांबी सहा मिनिटांच्या आत ठेवा. २०१४ साली फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरच्या व्हिडिओंच्या सुमारे ६९ लाख पाहण्यांची नोंद तपासली, तेव्हा मोठी माणसंसुद्धा एका व्हिडिओजवळ सहा मिनिटांहून फारशी टिकत नाहीत असं दिसलं. आपली तर मुलं. दुसरी गोष्ट मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या संशोधनातली: जे तोंडाने सांगताय तेच शब्द तसेच्या तसे पडद्यावर लिहू नका. डोळे वाचतात, कान ऐकतात, आणि दोघांचीही ओढाताण होते. पडद्यावर आकृती ठेवा, शब्द तोंडाने सांगा.

मुलांनाही रेकॉर्ड करू द्या. घरातली मालवणी, संगमेश्वरी, मोहल्ल्यातली बोली, जशी असेल तशी. आजीकडून एक म्हण किंवा भात लावणीचं गाणं आणायचं आणि प्रमाण मराठीत त्याचा अर्थ सांगायचा. वर्गात न बोलणारी मुलं या कामात पुढे येतात.

फाइलला नाव नीट द्या: इयत्ता, विषय, पाठ, क्रमांक. "व्हिडिओ नवीन २" असं नाव ठेवलं तर पुढच्या वर्षी कुणालाच काही सापडत नाही.

नेटशिवाय वाटप

शेअरइट आणि झेंडर ही अ‍ॅप्स जून २०२० मध्ये भारतात बंद झाली, तरी जुन्या फोनांत ती अजून असतात. ती काढून टाका. त्याऐवजी अँड्रॉइडमधलं क्विक शेअर वापरा, एका फोनवरून दुसऱ्यावर नेटशिवाय फाइल जाते. मेमरी कार्ड आणि ओटीजीवाला (फोनला थेट जोडता येणारा) पेनड्राइव्ह हे तर सर्वांत भरवशाचे. आमच्याकडे शनिवार हा वाटपाचा दिवस. शाळा सुटताना पालक किंवा मोठं भावंड फोन घेऊन येतात आणि पुढच्या आठवड्याच्या फाइली भरून नेतात. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्यासाठी अभ्याससोबती: शेजारच्या घरातलं मूल, पडवीत दोघांनी मिळून ऐकायचं. अशी जोडी पालकांशी बोलून ठरवा. दोन घरांत बोलणं आहे की नाही हे गावात शिक्षकाला माहीत असावंच लागतं.

बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपने उघडतात. दीक्षा ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालं, आणि पुस्तकात क्यूआर कोड टाकण्याची कल्पना आपल्याच राज्यात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी आधी करून दाखवली होती. २०२०चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. दीक्षातला मजकूर रेंजच्या जागी जाऊन एकदा उतरवून ठेवला की नंतर नेटशिवाय चालतो. कोणताही कोड वर्गात उघडण्याआधी पूर्ण बघून घ्या, आणि त्यातला पाठाला लागू पडणारा तेवढाच भाग दाखवा.

शाळेत एक जुना लॅपटॉप असेल तर त्याचं छोटं ग्रंथालय करा. किविक्स नावाच्या मोफत कार्यक्रमात सगळा मराठी विकिपीडिया एका फाइलमध्ये साठवता येतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेला हा ज्ञानकोश मुलं आमच्याकडे पावसात, नेट नसताना चाळतात. कोलिब्री हा दुसरा कार्यक्रम. लॅपटॉपचं हॉटस्पॉट चालू केलं की खोलीतले इतर फोन आणि टॅब त्याला जोडले जातात आणि त्यातले धडे ब्राउझरमध्ये दिसतात. कोलिब्रीत मराठी मजकूर कमी असतो, म्हणून आपल्या आवाजाच्या आणि व्हिडिओच्या फाइली एकदा नेटवरून त्यात चढवून घ्या. ही मांडणी करायला एक दुपार जाते. सगळं एकट्याने करू नका, गावात संगणक शिकलेला एखादा मुलगा किंवा मुलगी असतेच, त्यांना बोलवा.

थेट ऑनलाइन तासाबद्दल थोडक्यात. मी तो रोजच्या शिकवण्यासाठी वापरत नाही. बाहेरचं माणूस वर्गात आणायला मात्र तो उत्तम आहे. शाळेतून शिकून गेलेली नर्स, बंदरात काम करणारा दादा, मुंबईतले पालक. अर्धा तास, प्रश्न मुलांनी आधी लिहून ठेवलेले, शाळेतला एकच फोन स्पीकरला जोडलेला. चाकरमानी आईबाबांची पालकसभा रविवारी रात्री फोनवर घ्या. गणपती-शिमग्याला भेटू असं म्हणत राहिलं तर वर्ष निघून जातं.

समजलं का, हे कसं कळणार

"समजलं का?" या प्रश्नाला वर्ग एका सुरात "हो बाई" म्हणतो. त्यापेक्षा रोज तास संपताना पुस्तक मिटून दोन प्रश्न, उत्तर कागदाच्या चिठ्ठीवर. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवलं की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्याने मात्र ज्यांनी तो न बघता आठवून लिहिला होता ते पुढे असतात. गुगल फॉर्मवरची चाचणी, कागदाची चिठ्ठी, फोनवर विचारलेला प्रश्न, साधन कोणतंही चालेल. आठवून सांगणं व्हायला हवं.

एकच फोन असलेल्या वर्गात प्लिकर्सची कार्डं वापरून बघा. प्रत्येक मुलाच्या हातात छापील खुणेचं कार्ड, ते ज्या बाजूने वर धरलं ते त्याचं उत्तर. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की सगळ्यांची उत्तरं नोंदली जातात. कुणी काय उत्तर दिलं ते शेजारच्याला कळत नाही, त्यामुळे मुलं मोकळेपणाने उत्तरं देतात. नेट फक्त शिक्षकाच्या फोनला लागतं. गुणांच्या यादीत अडकू नका, चुकलेली उत्तरं वाचा. निम्म्या वर्गाने एकच चुकीचं उत्तर दिलं असेल तर उद्याचा तास कशावर घ्यायचा ते ठरलं.

प्रश्न तयार करायला हल्ली बरेच शिक्षक चॅटबॉट वापरतात. मीही त्याच्याकडून दहा प्रश्न मागते आणि तीन ठेवते. मराठीत ते ठाम भाषेत चुकीचं सांगतात, म्हणून प्रत्येक उत्तर स्वतः सोडवून बघा. मुलाचं नाव, गुण किंवा घरची गोष्ट त्यात कधीही लिहू नका.

पावसाळा आणि खारी हवा

खोलीत ओल असली की प्रोजेक्टरच्या भिंगावर बुरशी चढते, प्लगचे पाय गंजतात, बंद पडून राहिलेली बॅटरी फुगते. उपकरणं कपाटात कुलूपबंद ठेवणं हाच त्यांना सर्वांत मोठा धोका आहे. पावसात प्रत्येक यंत्र आठवड्यातून एकदा तरी तासभर चालवा, त्याच्या उष्णतेने आतली ओल निघते. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि त्या अधूनमधून सुकवा. विजा सुरू होण्याआधी प्लग आणि केबल दोन्ही काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. जांभ्याच्या कातळावर शाळा असेल तर अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्या. लॅपटॉप, स्पीकर आणि फोन बॅटरीवर चालणारे निवडा, विजेशी बांधलेली भिंतीवरची मोठी पाटी मी शेवटी घेईन.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक गावांत बरेच दिवस ना वीज होती ना फोन. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. म्हणून प्रत्येक डिजिटल धड्याची एक छापील प्रत वर्गात ठेवावी, आणि सगळ्या फाइलींची एक प्रत शाळेबाहेर, कोरड्या घरात.

मुलांची माहिती सांभाळणं

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. कोणत्याही अ‍ॅपमध्ये मुलाचं खातं उघडायचं असेल तर आधी पालकांशी बोला, आणि नावाऐवजी हजेरी क्रमांक चालत असेल तर तोच टाका. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, मुलींच्या आयांना ते अडचणीचं होतं. तिथे ब्रॉडकास्ट यादी करा. मुलांचे चेहरे असलेले फोटो बाहेर पाठवू नका, त्यांची कामं पाठवा. दुसऱ्याचा मजकूर वर्गात शिकवण्यासाठी वापरायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. तोच आपल्या चॅनेलवर सगळ्यांसाठी चढवणं हे त्या सवलतीत बसत नाही.

बदलीच्या आधी

आपली बदली होणार, हे धरूनच सगळं उभं करा. दीक्षा, फॉर्म, कोलिब्री यांची खाती स्वतःच्या ईमेलवर काढू नका. शाळेच्या नावाचा ईमेल काढा आणि पासवर्ड मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद पाकिटात ठेवा. कोणता धडा कोणत्या फाइलमध्ये आहे, कोणत्या वाडीचं वाटप कोण करतं, कोणत्या मुलाला कोणाबरोबर बसवलंय, हे त्याच दोनशे पानी वहीच्या मागच्या बाजूला लिहा. नवे शिक्षक हजर होतील त्या आठवड्यात त्यांना वाडीवाडीत फिरवा, शनिवारी वाटप करणाऱ्या पोरांशी ओळख करून द्या, आणि सड्यावर नेऊन रेंज नेमकी कुठे मिळते ती जागा दाखवा.